विश्लेषण : डोक्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा आहे? धोका नेमका केव्हा, कोणाला आणि किती?

मे महिना संपत आला की राज्यभर पत्र्यांची कामे निघतात. गळका पत्रा बदलायचा, बोल्टचे कुजलेले वायसर काढायचे, भेगा बुजवायच्या. ग्राइंडर आणि ड्रिल मशीन घेऊन आलेले दोन जण हे काम अर्ध्या दिवसात उरकतात. अंगणात करड्या धुळीचा थर बसतो, कोणीतरी खराट्याने तो झाडून काढते आणि विषय संपतो.

पत्रा सिमेंटचा, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचा असेल तर मात्र विषय तिथे संपत नाही. त्या धुळीतले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो आणि श्वासातून आत गेले तरी ठसकाही लागत नाही. आजार दिसतो तो २०, ३०, कधी ४० वर्षांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, कामाच्या ठिकाणी झालेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात. जवळपास ७० देशांनी हा पदार्थ बंद केला आहे. भारत मात्र आजही त्याच्या सर्वात मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे.

मग घरावर, गोठ्यावर किंवा सोसायटीच्या पार्किंगवर असा पत्रा असेल तर घाबरायचे का? धोका छपराखाली राहणाऱ्याला जास्त की छपरावर चढणाऱ्याला? समजून घेऊ या.

अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे नेमके काय?

अ‍ॅस्बेस्टॉस हे एका पदार्थाचे नाव नाही. जमिनीत सापडणाऱ्या, तंतूंच्या स्वरूपातील सहा खनिजांना मिळून हे नाव दिले जाते. त्यातले क्रिसोटाइल, म्हणजे पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस, सर्वाधिक वापरले जाते. क्रोसिडोलाइट (निळे) आणि अमोसाइट (तपकिरी) हे त्याचे अधिक घातक भाऊबंद.

हे दगड असूनही कापसासारखे पिंजता येतात. ते जळत नाहीत, गंजत नाहीत, आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत आणि ताण सहन करतात. शिवाय स्वस्त. त्यामुळे विसाव्या शतकात बॉयलरच्या आवरणापासून गाड्यांच्या ब्रेक लायनरपर्यंत, आगरोधक दोरखंडापासून पाण्याच्या पाइपपर्यंत सगळीकडे ते वापरले गेले. भारतात आज त्याचा मुख्य वापर सिमेंटच्या नालीदार पत्र्यांसाठी होतो.

अशा पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असते, बाकी मुख्यतः सिमेंट. टक्केवारी किरकोळ वाटेल, पण हिशेब करून पाहा. तीन मीटर लांबीच्या पत्र्याचे वजन ४० किलोच्या आसपास भरते. म्हणजे एका पत्र्यात सुमारे सव्वातीन ते चार किलो तंतू. दोन खोल्यांच्या घरावर असे दहा-बारा पत्रे सहज असतात.

तंतू शरीरात गेल्यावर काय होते?

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू पुष्कळदा एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो. पत्रा घासला, कापला किंवा फोडला की हे तंतू मोकळे होतात. हलके असल्याने ते बराच वेळ हवेत तरंगत राहतात आणि जमिनीवर बसले तरी झाडू लागताच पुन्हा उडतात.

मोठे धूलिकण नाकात आणि घशात अडकतात, कफाबरोबर बाहेर पडतात. हे तंतू मात्र सुईसारखे सरळ आणि बारीक असल्याने फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकाला, वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळायचा प्रयत्न करतात. पण तंतू पेशीपेक्षा लांब असला तर ती त्याला पूर्ण गिळू शकत नाही. या झटापटीत पेशी मरते आणि दाह निर्माण करणारी रसायने सोडते. तंतू तिथेच राहतो. मग दुसरी पेशी येते आणि तेच पुन्हा घडते.

वर्षानुवर्षे चाललेल्या या दाहातून दोन गोष्टी होतात. मऊ, लवचीक फुफ्फुसात व्रणासारखे कडक ऊतक तयार होते आणि पेशींमधील जनुकीय रचनेत बिघाड होत जातो. पहिल्यातून श्वासाचे आजार होतात, दुसऱ्यातून कर्करोग.

कोणते आजार होतात?

अ‍ॅस्बेस्टोसिस : फुफ्फुस कडक होत जाण्याचा आजार. बरीच वर्षे, बऱ्याच धुळीत काम केलेल्यांना तो होतो. सुरुवात जिना चढताना दम लागण्याने होते. मग कोरडा खोकला आणि छातीत जखडल्यासारखे वाटणे सुरू होते. काही रुग्णांत बोटांची टोके फुगतात. कडक झालेला भाग पूर्ववत करणारे औषध नाही. काम सोडल्यानंतरही आजार वाढू शकतो.

फुफ्फुसावरणाचे आजार : फुफ्फुसाभोवतीच्या पातळ आवरणावर जाड चट्टे उठतात किंवा तिथे पाणी साठते. चट्टे स्वतः कर्करोग नसतात, पण या माणसाच्या शरीरात अ‍ॅस्बेस्टॉस गेले आहे, याची ती खूण असते.

फुफ्फुसाचा कर्करोग : अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये याचा वाटा मोठा आहे. धूम्रपानाची जोड मिळाली तर धोका नुसता वाढत नाही, अनेक पटींनी चढतो. अमेरिकेत उष्णतारोधक आवरणे बसवणाऱ्या कामगारांवरील १९७९ सालचा अभ्यास याबाबत नेहमी दाखवला जातो. फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका केवळ अ‍ॅस्बेस्टॉसमुळे सुमारे ५ पट, केवळ धूम्रपानामुळे सुमारे ११ पट आणि दोन्ही एकत्र आल्यास ५० पटींहून अधिक, असे त्यात आढळले.

मेसोथेलिओमा : फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. एरवी तो अगदी दुर्मीळ असतो. तो झाला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल असतो. धूम्रपानाशी त्याचा संबंध नाही. संपर्क आणि आजार यांत २० ते ५० वर्षांचे अंतर असू शकते. निदानानंतर बहुतेक रुग्णांच्या हाती एक-दीड वर्षच उरते.

याखेरीज स्वरयंत्राचा आणि बीजांडकोशाचा कर्करोगही अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने काढला आहे. या संस्थेने पांढऱ्यासह सर्व प्रकारचे अ‍ॅस्बेस्टॉस पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकले आहे.

हे कधीपासून माहीत आहे?

शंभर वर्षांपासून. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम करणाऱ्या नेली केरशॉ या महिलेचा १९२४ मध्ये वयाच्या ३३व्या वर्षी मृत्यू झाला. डॉ. विल्यम कूक यांनी तिच्या फुफ्फुसातील खनिज कण आणि व्रण यांची माहिती त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दिली. १९३० मध्ये ब्रिटनच्या सरकारी पाहणीत हा आजार कारखान्यांमध्ये पसरलेला असल्याचे दिसले आणि पुढच्याच वर्षी धूळ नियंत्रणाचे नियम आले.

कर्करोगाचे पुरावे नंतर आले. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांमधील फुफ्फुसाच्या कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून डॉ. ख्रिस्तोफर वॅगनर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण जगापुढे मांडले. त्यांतील काही जण खाणीत कधी उतरलेच नव्हते. ते फक्त निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींजवळ राहत होते. १९६५ मध्ये लंडनमधील अभ्यासात आणखी एक गट समोर आला. कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या बायकांचा.

जपानमध्ये २००५ साली अमागासाकी शहरात पाइप कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांमध्ये मेसोथेलिओमाचे रुग्ण असल्याचे उघड झाले. तेव्हा त्या कारखान्यात निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर थांबून तीस वर्षे झाली होती.

घरावर पत्रा असेल तर आजार होणारच का?

नाही. या विषयातील सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. पत्र्यातील तंतू सिमेंटमध्ये पक्के बसलेले असतात. पत्रा धड असेल, त्याला कोणी हात लावत नसेल, तर हवेत मिसळणारे तंतू फारच कमी असतात. अशा घरात राहणाऱ्याचा धोका आणि रोज पत्रे कापणाऱ्याचा धोका यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पण ‘कमी’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे. कर्करोगाबाबत अमुक पातळीखाली धोका नाहीच, अशी सुरक्षित मर्यादा शास्त्रज्ञांना सापडलेली नाही. शिवाय पत्रा कायम धड राहत नाही. ऊन, पाऊस आणि आम्लयुक्त हवेने त्यातले सिमेंट झिजते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि तंतू उघडे पडतात. वळचणीला साठणाऱ्या गाळात ते सापडू शकतात.

म्हणून धोका मोजताना तीन प्रश्न विचारावेत. पत्रा किती जुना आणि किती फुटका आहे? त्यावर कोणती कामे होतात? आणि ती कामे कोण, किती वेळा करते?

सिमेंटच्या जुन्या एसी पाइपमधून येणाऱ्या पाण्याबद्दलही अनेकांना शंका असते. पाण्यातून पोटात गेलेल्या तंतूंमुळे कर्करोग होतो, असा ठोस पुरावा नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. अशा पाइपांचा खरा धोका ते दुरुस्तीसाठी खड्ड्यात उतरून कापणाऱ्या प्लंबरला आहे.

सर्वाधिक धोका कोणाला?

ज्यांच्या कामातच धूळ आहे त्यांना. पत्रे आणि पाइप तयार करणारे कारखाना कामगार, पत्रे बसवणारे फॅब्रिकेटर, जुने बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांची आवरणे काढणारे, गॅरेजमध्ये जुने ब्रेक ड्रम हवेच्या झोताने साफ करणारे मेकॅनिक, इमारती पाडणारे आणि तो माल विकत घेणारे भंगार व्यावसायिक.

जहाजतोडणीचे काम याच यादीत येते. जुन्या जहाजांच्या इंजिनखोल्या अ‍ॅस्बेस्टॉसने भरलेल्या असत. ‘क्लेमान्सो’ ही फ्रान्सची निवृत्त विमानवाहू नौका गुजरातमधील अलंगला तोडणीसाठी निघाली होती. तिच्यातील अ‍ॅस्बेस्टॉसवरून गदारोळ झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सने तिला परत बोलावले. पुढे ती ब्रिटनमध्ये तोडली गेली. मात्र अशी प्रत्येक नौका बातमीत येत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर दोन प्रसंग महत्त्वाचे. पहिला, पुनर्विकास. जुन्या चाळी, गाळे, कारखान्यांच्या शेड पाडताना पत्रे उतरवण्याऐवजी यंत्राने चुरडले जातात आणि राडारोड्यात मिसळतात. दुसरा, वादळे. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीत हजारो घरांची छपरे उडवली. अशा वेळी फुटलेल्या पत्र्यांचे ढिगारे उघड्या हातांनी उचलले जातात आणि त्यांचे तुकडे वाटेत, कुंपणाला, चुलीच्या आडोशाला वापरले जातात.

मग भारतात रुग्ण का दिसत नाहीत?

अ‍ॅस्बेस्टॉस सुरक्षित आहे असे सांगणारे हाच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर आजारात जितके आहे, तितकेच नोंदींमध्ये आहे.

पहिले कारण काळाचे. १९९५ मध्ये विशीत असलेला तरुण पत्र्याच्या कामाला लागला असेल, तर त्याचा आजार २०२५ च्या पुढे दिसणार. ब्रिटनने १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. तरीही तिथे मेसोथेलिओमाने दरवर्षी दोन हजारांहून अधिक लोक मरतात. ते १९६०, ७० आणि ८० च्या दशकांतील धुळीचे बळी आहेत. भारतात वापर वाढला तो त्यानंतर.

दुसरे कारण निदानाचे. आपल्याकडे खोकला, दम आणि छातीच्या एक्स-रेवर डाग म्हटले की आधी क्षयाचा संशय येतो. ते स्वाभाविकही आहे. पण थुंकीत जंतू न सापडलेल्या रुग्णालाही औषधे सुरू होतात आणि ‘तुम्ही काय काम करत होता’ हा प्रश्न राहून जातो.

तिसरे कारण कामाच्या स्वरूपाचे. आज या गावात, उद्या त्या साइटवर काम करणाऱ्या नाका कामगाराचा मालक कोण? तीस वर्षांपूर्वी त्याने कुठे पत्रे कापले याची नोंद कोणाकडे?

जिथे शोधले तिथे आजार सापडलेला आहे. मुंबईतील अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांची तपासणी करून केलेला अभ्यास २००५ मध्ये ‘एन्व्हायर्नमेंटल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी सुमारे पाचात एकाला अ‍ॅस्बेस्टोसिस असल्याचे त्यात आढळले.

छपराबाबतही चित्र धूसरच आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे १६ टक्के घरांचे छप्पर ‘जीआय, धातू किंवा अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे’ या एकाच रकान्यात मोजले गेले. त्यातले लोखंडी किती आणि सिमेंटचे किती, हे वेगळे केलेले नाही.

भारतात बंदी का नाही?

खाणींवर निर्बंध आहेत, वापरावर नाहीत. १९८६ पासून अ‍ॅस्बेस्टॉसचे नवे खाणपट्टे देणे आणि १९९३ पासून जुन्यांचे नूतनीकरण थांबवण्यात आले. टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉस आयात करण्यासही मनाई आहे. कच्चे क्रिसोटाइल मात्र दरवर्षी तीन लाख टनांहून अधिक आयात होते, मुख्यतः रशिया, कझाकस्तान आणि ब्राझीलमधून. यातल्या ब्राझीलची गंमत अशी की, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच देशांतर्गत वापरावर बंदी आणली आहे. कॅनडा एके काळी भारताचा मोठा पुरवठादार होता. त्यानेही २०१८ मध्ये बंदी घातली. क्यूबेकमधील ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ नावाच्या खाणगावाने तर २०२० मध्ये आपले नावच बदलून घेतले. युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे, नेपाळने २०१५ मध्ये ती लागू केली आणि अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रिसोटाइलवर बंदी जाहीर केली.

पत्रा उद्योगाचे म्हणणे असे : क्रिसोटाइलचे तंतू निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसपेक्षा शरीरातून लवकर निघून जातात, कारखान्यांत ओली प्रक्रिया वापरून धूळ रोखता येते, आणि गरिबाला परवडणारे, न गंजणारे, लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापणारे दुसरे छप्पर नाही. यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळे आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस अधिक घातक आहे. पण कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे, आणि क्रिसोटाइलनेही कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट केले आहे.

दुसऱ्या मुद्द्यातली मेख वेगळी आहे. कारखान्यात धूळ रोखता येईलही. पण पत्रा गेटबाहेर पडला की तो पुढची तीस-चाळीस वर्षे देशभरातल्या फॅब्रिकेटरच्या ग्राइंडरखाली येत राहणार. तिथे ओली प्रक्रिया नसते, मास्क नसतो आणि निरीक्षकही नसतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर रॉटरडॅम करारात अ‍ॅस्बेस्टॉसचे इतर पाच प्रकार घातक रसायनांच्या यादीत आहेत. क्रिसोटाइल २००६ पासून अनेकदा चर्चेला आले. पण तिथे निर्णय सर्वसहमतीने होतो आणि मोजक्या देशांच्या विरोधामुळे ते यादीबाहेरच राहिले. यादीत येणे म्हणजे बंदी नव्हे. आयात करणाऱ्या देशाची आगाऊ, माहितीपूर्ण संमती घ्यावी लागते, एवढेच.

कायदा कामगाराच्या बाजूने काय सांगतो?

बरेच काही, निदान कागदावर. ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध केंद्र सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेला निकाल देशातील कामगार आरोग्याचा पाया मानला जातो. कामगाराचे आरोग्य आणि वैद्यकीय उपचार हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले.

त्यातला सर्वात दूरदृष्टीचा आदेश नोंदींबाबत होता. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाने प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामावर लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यातील जे नंतर येईल तोवर जपायची. आजार उशिरा दिसतो हे ओळखूनच ही मुदत ठरली. बाधित कामगारांना एक लाख रुपये भरपाईचा आदेशही देण्यात आला. २०११ मध्ये मात्र सरसकट बंदीची मागणी करणारी याचिका न्यायालयाने फेटाळली. असा निर्णय घेणे हे कायदेमंडळाचे काम असल्याची भूमिका न्यायालयाने घेतली आणि १९९५ चे आदेश पाळण्यावर भर दिला.

अ‍ॅस्बेस्टोसिस हा अधिसूचित व्यवसायजन्य आजार आहे. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हेही राज्य कामगार विमा आणि कामगार भरपाईच्या यादीत आहेत. म्हणजे विमा असलेल्या कामगाराला हा आजार झाल्यास तो कामावर झालेल्या इजेसारखा धरला जातो. अडचण येते ती हे सिद्ध करण्यात, आणि मुळात विमाच नसलेल्यांची संख्या मोठी असण्यात.

घरावर पत्रा असेल तर काय करावे, काय टाळावे?

• पत्रा धड असेल तर त्याला हात लावू नका. घाईने काढून टाकणे हे कधी कधी तसेच ठेवण्यापेक्षा धोक्याचे ठरते.

• जुना राखाडी सिमेंटचा पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चाला. बिन-अ‍ॅस्बेस्टॉसचे फायबर सिमेंट पत्रे दिसायला हुबेहूब तसेच असतात. खात्री फक्त प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक तपासणीतून होते.

• ग्राइंडर, विजेचे ड्रिल किंवा कटर वापरू देऊ नका. कापणे टाळता येत नसेल तर पत्रा पाण्याने भिजवून हातकरवतीने कापायला सांगा.

• उन्हाळ्यात पांढरा रंग किंवा कोटिंग लावण्यापूर्वी शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नका, प्रेशर पंपानेही धुऊ नका. खरवडण्यातही तंतू सुटतात.

• पत्र्यावर थेट पाय देऊ नका. जुना पत्रा ठिसूळ असतो आणि तो फुटून खाली पडण्याचा धोका आजारासारखा चाळीस वर्षे थांबत नाही. आधाराला फळ्या किंवा शिडी टाकावी.

• पत्रा काढताना बोल्ट सोडवून अख्खा उतरवा. वरून फेकू नका. त्या वेळी मुले आणि गर्भवती महिला दूर असाव्यात.

• रुमाल, कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क या तंतूंना अडवत नाही. पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लागतो.

• धूळ झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बंद करून टाका. कामाचे कपडे झटकू नका आणि घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

• तुकडे भराव, कुंपण, वाफे किंवा चुलीसाठी वापरू नका. जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून ठेवा.

कारखान्यातील अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो. राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे आहेत. मोठी शेड पाडणाऱ्या कारखान्याने किंवा पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीने पत्रे उतरवण्याची आणि विल्हेवाटीची अट कंत्राटातच लिहून घ्यावी. काम सुरू झाल्यावर ती कोणाच्या लक्षात राहत नाही.

नवे छप्पर घालायचे असेल तर पर्याय आहेत. पीव्हीए किंवा सेल्युलोज तंतूंचे फायबर सिमेंट पत्रे, रंगीत लेपाचे लोखंडी पत्रे, कौले. लोखंडी पत्रा तापतो हे खरे. पण त्याखाली उष्णतारोधक थर किंवा छत घालता येते. खरेदी करताना ‘बिन-अ‍ॅस्बेस्टॉस’ असे बिलावर लिहून घ्यावे.

ज्यांनी या धुळीत काम केले, त्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, धूम्रपान आजच थांबवा. आत गेलेले तंतू काढता येत नाहीत; पण त्यांच्या जोडीला बसलेला दुसरा धोका कमी करता येतो.

दुसरी, डॉक्टरांना कामाबद्दल सांगा. ‘वीस वर्षे पत्रे कापायचो’ किंवा ‘घरधनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात होते, त्यांचे कपडे मी धुवायचे’ हे एक वाक्य तपासणीची दिशा बदलू शकते. दम लागत असेल तर छातीचा एक्स-रे, श्वसनक्षमता चाचणी आणि गरजेनुसार एचआरसीटी स्कॅन केला जातो. एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो. म्हणून अनेक वर्षे या धुळीत काम केलेल्यांनी ठरावीक काळाने तपासणी करत राहावे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबाबतही डॉक्टरांना विचारावे. कमजोर फुफ्फुसाला साधा संसर्गही जड जातो.

तिसरी गोष्ट कागदांची. कारखान्याचे ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, ईएसआयसी कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, वैद्यकीय तपासणीचे अहवाल आणि बरोबर काम केलेल्यांची नावे जपून ठेवा. कारखाना बंद पडतो, नाव बदलतो, विकला जातो. दावा करायची वेळ येते तेव्हा हाती एवढेच असते. नाक्यावरच्या कामगारांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून ती चालू ठेवावी. योजनांचा लाभ मिळतोच, शिवाय आपण हे काम करत होतो याचा सरकारी पुरावा तयार होतो.

४० वर्षे नोंदी जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो कारखान्यांपुरता. कारखान्याबाहेर पत्रे कापणाऱ्याची नोंद ठेवायला कोणी बांधील नाही. बंदीचा निर्णय उद्या झाला तरी छपरांवर आज असलेले पत्रे उतरवायला कोणाला तरी चढावेच लागेल. तो माणूस कोरडा ग्राइंडर घेऊन चढतो की पाण्याचा पाइप आणि योग्य मास्क घेऊन, हे बहुतेक वेळा त्याला कामाला बोलावणारे घरमालक आणि सोसायट्याच ठरवतात. त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.